एकटीची कंपनी: जोडधंदा आणि मर्यादित जबाबदारी

नोकरी सांभाळून जोडधंदा करणाऱ्या मुलींचा पहिला प्रश्न असतो, कंपनीची नोंदणी कशी करायची? तो आज मी जरा मागे ठेवणार आहे. कारण नोंदणी हा या प्रकरणातला सर्वांत सोपा भाग आहे. खर्च आणि कटकट सुरू होते ती नंतर, दरवर्षी. आणि ज्या संरक्षणासाठी कंपनी काढायची, ते कुठे मिळतं आणि कुठे मिळत नाही, याबद्दल फार गैरसमज आहेत.

आज तुम्ही स्वतःच्या नावावर धंदा करता. म्हणजे तुम्ही आणि तुमचा धंदा कायद्याच्या दृष्टीने एकच. पुरवठादाराचे पैसे थकले आणि तो कोर्टात जाऊन जिंकला, तर वसुली तुमच्या बचत खात्यातून, सोन्यातून, फ्लॅटमधल्या तुमच्या हिश्श्यातूनही होऊ शकते. कंपनी ही मात्र वेगळी कायदेशीर व्यक्ती. तिचं कर्ज ते तिचं. तुमचं नुकसान तुम्ही तिच्यात घातलेल्या पैशांपुरतंच, यालाच मर्यादित जबाबदारी म्हणतात. हे तत्त्व पक्कं झालं ते इंग्लंडमध्ये १८९६ साली, सॉलोमन नावाच्या बूट बनवणाऱ्याच्या खटल्यात. त्याच्या कंपनीतले बाकीचे सहा भागधारक म्हणजे बायको आणि पाच मुलं, प्रत्येकाकडे एकेक शेअर. कंपनी बुडाली तेव्हा हा सगळा देखावा आहे असं धनको म्हणाले. हाउस ऑफ लॉर्ड्सने ते मानलं नाही. आपल्याकडेही तीच युक्ती चालायची. खासगी कंपनीला किमान दोन भागधारक लागतात, म्हणून भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर एखादा शेअर टाकायचा. २००५ मध्ये जे. जे. इराणी समितीने एकट्या व्यक्तीला कंपनी काढू द्यावी अशी शिफारस केली आणि २०१३ च्या कंपनी कायद्यात एकव्यक्ती कंपनी, म्हणजे ओपीसी, आली. भागीदार मैत्रीण असेल तर एलएलपीचा, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचा, विचार करा. तिथे उलाढाल ४० लाखांच्या आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेपर्यंत ऑडिटची सक्ती नाही. मात्र नफ्यावर कर सरळ ३० टक्के आणि वर उपकर. आज मी एकटीच्याच कंपनीबद्दल बोलणार आहे.

आता हे संरक्षण किती? समजा, ठाण्यातली एक मुलगी घरी साबण बनवून विकते. साबण हे सौंदर्यप्रसाधन. ते विकण्यासाठी बनवायचं तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. तो नसताना कुणाच्या त्वचेला इजा झाली, तर 'ते कंपनीने केलं' म्हणून ती सुटणार नाही. साबण तिने स्वतःच्या हाताने बनवलाय, आणि स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी कंपनीमागे लपत नाही. एकट्याने चालणाऱ्या धंद्यात ही अडचण जवळपास नेहमीच असते. दुसरं, बँकेचं कर्ज. नव्या छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकाची, म्हणजे तुमचीच, वैयक्तिक हमी मागतेच. सही केली की तेवढ्यापुरती मर्यादित जबाबदारी संपली. तिसरं, कर. खासगी कंपनीकडून प्राप्तिकर किंवा जीएसटी वसूल झाला नाही, तर संचालकाकडे बोट दाखवता येतं. हलगर्जी आपली नव्हती हे तिने सिद्ध करायचं. मग उरतं काय? पुरवठादारांची देणी, गाळ्याचं भाडं, मोठ्या ग्राहकाशी झालेल्या करारातली भरपाई. हे आकडे तुमच्या धंद्यात मोठे असतील, किंवा मोठा खरेदीदार कंपनीशिवाय करारच करत नसेल, तर कंपनी जरूर काढा. नाहीतर छोट्या उद्योगांसाठीची 'उद्यम' ही सरकारी मोफत नोंदणी, वेगळं चालू खातं आणि उत्पादन दायित्वाचा विमा (मालामुळे कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा) एवढ्यावर बरीच वर्षं निभतं.

कराचा हिशेब ऐका, कारण 'कंपनी काढली की कर वाचतो' हे सर्रास सांगितलं जातं. पगार साडेआठ लाख, जोडधंद्याचा नफा तीन लाख. नव्या करप्रणालीत पगारातून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेली, एकूण उत्पन्न १० लाख ७५ हजार. २०२५-२६ या वर्षापासून १२ लाखांपर्यंत सूट मिळते, म्हणजे कर शून्य. तोच तीन लाखांचा नफा कंपनीत झाला तर सवलतीच्या २२ टक्के दरानेसुद्धा, अधिभार आणि उपकर धरून २५.१६८ टक्के, म्हणजे ७५,५०४ रुपये कर. पहिल्या रुपयापासून. स्वतःला संचालक म्हणून मेहनताना दाखवून हा नफा कमी करता येतो, पण मग दुसरा पगार आणि त्यावरचा टीडीएस आला. शिवाय हिशेबाची फारशी वही न ठेवता उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा धरून कर भरायची जी सोय छोट्या व्यापाऱ्यांना आहे, ती कंपनीला नाही. कंपनीला ऑडिट लागतंच, उलाढाल शून्य असली तरी.

आणि नोकरीचं काय? नेमणूकपत्र काढून बघा. दुसरा व्यवसाय करू नये, किंवा परवानगी घ्यावी, असं कलम बहुतेक ठिकाणी असतं. सरकारी नोकरीत तर परवानगीशिवाय खासगी व्यापार चालतच नाही. घरून साबण विकणं कुणाच्या लक्षात येणार नाही; संचालकाचं नाव मात्र कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कुणालाही दिसतं. म्हणून परवानगी आधी, अर्ज नंतर.

इतकं ऐकूनही काढायची असेल, तर आता नोंदणी. सुरुवात पॅन कार्डापासून करा. लग्नानंतर आधारवर नाव बदललेलं आणि पॅनवर माहेरचंच, हा मुलींच्या बाबतीतला नेहमीचा घोळ. डिजिटल सही पॅनवरच्या नावाने निघते, अर्जातलं नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख पॅनशी ताडली जाते. एक अक्षर जुळलं नाही की गाडी तिथेच अडते. आधी दोन्हींवर एकच नाव करा.

मग कंपनी मंत्रालयाचा स्पाइस प्लस हा ऑनलाइन अर्ज. पहिल्या भागात नाव राखून ठेवायचं: दोन नावं सुचवता येतात, फी हजार रुपये, आणि मंजूर झालेलं नाव २० दिवस तुमचं. नाव फेटाळलं जाण्याचं मोठं कारण म्हणजे आधीच्या कंपनीशी किंवा ट्रेडमार्कशी साम्य. दोन्ही याद्या फुकट तपासता येतात, तरी लोक तपासत नाहीत. दुसऱ्या भागात बाकी सगळं: संचालक क्रमांक, पॅन, टॅन (टीडीएस भरण्यासाठीचा क्रमांक), बँक खातं आणि आपल्या राज्यात व्यवसाय कराची नोंदणीसुद्धा. भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे, क्रमांकही येतात, त्यांनी दचकू नका. पुरेसे कामगार होईपर्यंत तिथे पैसे भरायचे नसतात. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये मात्र कंपनीला लागतात. अधिकृत भांडवल, म्हणजे कंपनीला जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचे शेअर काढता येतात ती मर्यादा, १५ लाखांपर्यंत असेल तर नोंदणी फी नाही, फक्त राज्याचं मुद्रांक शुल्क. किमान भांडवलाची अट २०१५ मध्येच गेली.

पत्त्याच्या पुराव्यावर बरेच अर्ज परत येतात. दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल आणि जागेच्या मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. घर आजोबांच्या नावावर, आजोबा हयात नाहीत, बिल अजून त्यांच्याच नावाने येतंय. अशा वेळी सही करणार कोण? मीटर आधी हयात मालकाच्या नावावर करून घ्या.

नोंदणीचं प्रमाणपत्र आलं म्हणजे धंदा सुरू करता येतो असं नाही. तुम्ही घेतलेल्या शेअरांची रक्कम आधी कंपनीच्या खात्यात जमा करायची आणि १८० दिवसांत आयएनसी-२०ए हा धंदा सुरू करण्याच्या घोषणेचा अर्ज भरायचा. रक्कम तुमच्या स्वतःच्या खात्यातून, पूर्ण, आणि 'शेअर भांडवल' अशा नोंदीने गेली पाहिजे. वडिलांनी यूपीआयने परस्पर पाठवले की कागदोपत्री ते भांडवल राहत नाही, आणि दुरुस्त करेपर्यंत मुदत जाते. चुकलं तर कंपनीला ५० हजार दंड, संचालकाला रोज हजार, एक लाखापर्यंत. ऑडिटर पहिल्या ३० दिवसांत नेमायचा. धंदा आधीपासून चालू असेल तर जीएसटी क्रमांक आणि परवाने नव्याने घ्यावे लागतात, कारण ते पॅनवर किंवा व्यक्तीच्या नावावर असतात. दुकानाच्या पाटीसारखे उचलून नव्या जागी लावता येत नाहीत.

त्यानंतर वार्षिक चक्र. ३१ मार्चपासून १८० दिवसांत, म्हणजे २७ सप्टेंबरपर्यंत, ताळेबंदाचा एओसी-४. नोव्हेंबरात वार्षिक विवरणपत्राचा एमजीटी-७ए. उशिराला प्रत्येक अर्जामागे रोज शंभर रुपये आणि याला कमाल मर्यादा नाही. दोन्ही अर्ज वर्षभर राहिले तर ७३ हजार. सलग तीन वर्षं भरले नाहीत तर पाच वर्षं कुठेच संचालक होता येत नाही. नोंदणीची वेळही यामुळेच बघायची. डिसेंबरात नोंदवलेल्या कंपनीला तीन-चार महिन्यांचं ऑडिट मार्चअखेरीस करावं लागतं. १ जानेवारीनंतर नोंदवली तर कंपनी कायद्याखाली पहिलं वर्ष पुढच्या वर्षीच्या मार्चपर्यंत नेता येतं.

खात्याची शिस्त तर रोजची. किराणा कंपनीच्या कार्डाने, कच्चा माल स्वतःच्या कार्डाने, असं वर्षभर चाललं की वाद कोर्टात गेल्यावर समोरचा वकील हेच बँक स्टेटमेंट दाखवून कंपनी नावापुरती आहे असं म्हणणार. स्वतःची खोली कंपनीला भाड्याने दिली किंवा कंपनीला उसने पैसे दिले, तर लेखी करार करा, निदान इतिवृत्तात नोंद ठेवा आणि संचालक मंडळाच्या मंजुरीपासून १५ दिवसांत कंपनी निबंधकाला, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवा. एकव्यक्ती कंपनीसाठी कायद्यात ही वेगळी तरतूदच आहे.

नामनिर्देशित व्यक्तीबद्दल थोडं. तुमच्यानंतर सभासद कोण, हे नोंदणीच्या वेळीच लेखी संमतीसह द्यावं लागतं. मुली बहुधा वडिलांचं नाव देतात आणि लग्नानंतर बदलायचं विसरतात. बदल आयएनसी-४ ने होतो. पण नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं की शेअरांवर नामनिर्देशन असलं तरी वारसांचा हक्क जात नाही. तेव्हा मृत्युपत्र वेगळं करा, वय तिशीच्या आत असलं तरी.

आणि धंदा नाहीच चालला तर? कंपनी नुसती सोडून देता येत नाही, दंडाचं मीटर चालूच राहतं. दोन वर्षं व्यवहार नसले की एसटीके-२ अर्जाने नाव काढून घेता येतं. फी दहा हजार, आणि त्याआधी बँक खातं बंद, देणी शून्य, राहिलेली विवरणपत्रं दंडासह भरलेली लागतात. खातं बंद करताना बँकेकडून शेवटचं स्टेटमेंट मागून घ्या. नंतर ते मिळवायला चकरा पडतात.