टेबलावर जाण्याआधी: भूलतज्ज्ञांची ओपीडी

(दृश्य: प्लास्टिकची पिशवी टेबलावर उपडी होते. अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या.)

मावशी चौसष्ट वर्षांच्या. गुडघा बदलायचाय, पुढच्या गुरुवारी. हातातल्या कागदावर फिजिशियनची एक ओळ आहे: ‘शस्त्रक्रियेसाठी फिट’. भूल देणाऱ्याचं त्या एका ओळीवर भागत नाही. हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं किती ताण सोसतील आणि गुरुवारपर्यंत त्यातलं काय सुधारून घेता येईल, हे त्याला हवं असतं.

(दृश्य: अगदी जवळून. तोंड, टॉर्चचा उजेड.)

“मावशी, तोंड मोठं उघडा, जीभ बाहेर काढा. ‘आ’ म्हणू नका हं.”

आवाज काढला की टाळू वर उचलला जातो आणि घसा आहे त्यापेक्षा मोकळा दिसतो. पडजीभ आणि बाजूच्या कमानी पूर्ण दिसल्या तर पहिली श्रेणी, नुसता कडक टाळू दिसला तर चौथी. डॉ. शेषगिरी मल्लमपटी यांनी 1985 साली मांडलेली ही तपासणी; चौथी श्रेणी तिच्यात नंतर आली. लागतं काय, तर एक टॉर्च आणि अर्धं मिनिट.

आता बोटं. स्वतःची तीन बोटं वरच्या-खालच्या दातांमध्ये उभी मावायला हवीत. मावशींची दोनच जातात. सुपारीची जुनी सवय. गालाच्या आतली त्वचा पांढरट, ताठ झालेली. मान मागे करून हनुवटीपासून कंठमण्याच्या खाचेपर्यंत पट्टी लावली जाते. 6 सेंटिमीटरपेक्षा कमी भरलं तर श्वासनलिकेत नळी टाकणं अवघड जाऊ शकतं.

भूल तर कमरेखालीच द्यायची, मग घसा कशाला बघायचा? कारण पाठीतली सुई कधी लागू पडत नाही, कधी भूल छातीपर्यंत चढते. मग नळी टाकावीच लागते. नाकातून जाणारी लवचीक दुर्बीण तेव्हा शोधत बसता येत नाही. ती आधीच मागवून ठेवावी लागते.

(दृश्य: जिना. कठड्यावरचा हात.)

दोन मजले न थांबता चढता आले तर हृदयाची क्षमता साधारण 4 मेट धरतात, म्हणजे स्वस्थ बसताना लागते त्याच्या चौपट ऊर्जेचे श्रम. मावशी अकराव्या पायरीवर थांबल्या. धाप लागली की गुडघा दुखला? गुडघा. इथंच फसगत होते. गुडघ्यानं अडवलेल्या माणसाच्या हृदयाची परीक्षाच झालेली नसते, आणि झोपवून काढलेला ईसीजी ती उणीव भरून काढत नाही. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा हलका झटका येऊन गेलाय, म्हणजे हृदयाच्या जोखमीच्या मोजणीत एक गुण आधीच जमा आहे. त्यामुळे हृदयरोगतज्ज्ञांकडे जी चिठ्ठी जाते, तिच्यात ‘फिट आहेत का?’ असं विचारलेलं नसतं. ‘औषधानं गती वाढवून स्ट्रेस एको (ताणाखालच्या हृदयाची सोनोग्राफी) करावा का?’ असा नेमका प्रश्न असतो.

(दृश्य: पट्ट्यांवर मार्करनं तारखा लिहिणारा हात.)

क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी): 5 ते 7 दिवस आधी बंद, नाहीतर पाठीत सुई टोचल्यावर मज्जारज्जूभोवती रक्त साठू शकतं. (स्टेंट असलेल्यांनी मात्र हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय या गोळीला हात लावायचा नाही.) डापाग्लिफ्लोझिन (साखरेची): 3 दिवस आधी बंद, कारण उपाशीपोटी साखर बरी दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. टेल्मिसार्टन (बीपीची): आदल्या दिवशी शेवटची, नाहीतर कमरेखालच्या भुलीत बीपी फार खाली येतं. मेट्फॉर्मिन, हीही साखरेची, ऑपरेशनच्या सकाळी नाही. नाडी मंद ठेवणारी मेटोप्रोलॉल मात्र त्या सकाळीही, घोटभर पाण्याबरोबर. ती अचानक सोडली तर नाडी उसळते.

सगळ्या पट्ट्यांवर सरसकट ‘बंद’ लिहून देणं सोपं असतं. महागात पडतं.

(दृश्य: रक्ताचा रिपोर्ट.)

हिमोग्लोबिन 9.2. या ऑपरेशनला रक्त बऱ्यापैकी जातं. लोहाचं इंजेक्शन आज दिलं तरी हिमोग्लोबिन चढायला दोन-तीन आठवडे लागतात. गुरुवारवर काट मारली जाते. म्हणजे आठ दिवस आधी येऊनही उशीरच झाला. गुडघा बदलायचं ठरलं त्याच दिवशी भूलतज्ज्ञांकडे पाठवणारी चिठ्ठी निघायला हवी होती.

कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं जातं: एएसए 3, म्हणजे भूलतज्ज्ञांच्या मोजणीत गंभीर आजार असलेला रुग्ण. ही श्रेणी रुग्णाची, ऑपरेशनची नव्हे.

(दृश्य: मावशी पट्ट्या पिशवीत भरतात, दारात वळतात.)

“आणि सकाळचा चहा?”

“दुधाचा ना? मग तो जेवणातच धरायचा. 6 तास आधी शेवटचा. साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालेल.”