घोडबंदर रोडवर साखर कुठे गेली?

मित्रहो, पत्रिकेत ‘रक्ताचे घटक आणि रक्ततपासणी’ असा विषय छापला आहे. घटकांकडे मी येणारच आहे. पण नौपाड्यातील प्रयोगशाळेत तीस वर्षे काढल्यावर मनात साठलेली एक तक्रार आधी मांडतो. अहवाल चुकला की आपण यंत्राला दोष देतो. प्रत्यक्षात बहुतेक चुका नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच झालेल्या असतात.

माझे मेव्हणे कासारवडवलीला राहतात. त्यांना मधुमेह आहे आणि गोडाचा मोहही आहे. एकदा सकाळी सात वाजता एका प्रयोगशाळेचा (तिचे नाव मी घेणार नाही) मुलगा येऊन त्यांचे उपाशीपोटीचे रक्त घेऊन गेला. त्याने ते करड्या झाकणाच्या नळीऐवजी लाल झाकणाच्या नळीत भरले, वाटेत आणखी चार घरे केली आणि मग तो घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकला. याला तुम्हा ठाणेकरांसमोर पुरावा देण्याची गरज नाही. नमुना पोहोचला अकरा वाजता. त्याच सकाळी घरच्या ग्लुकोमीटरवर १३१ दिसलेली साखर अहवालात १०४ झाली होती. मेव्हण्यांनी ग्लुकोमीटर बिघडला असे ठरवून तो कपाटात टाकला आणि दुपारी श्रीखंडाची दुसरी वाटी मागून घेतली.

साखर पेशींनी खाल्ली होती. शरीराबाहेर आल्यावरही रक्तपेशी जिवंत असतात, आणि पेशी वेगळ्या न करता ठेवलेल्या रक्तातील ग्लुकोज नेहमीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. करड्या झाकणाच्या नळीतील सोडियम फ्लोराइड हे खाणे थांबवते. तेही लगेच नव्हे, पहिला तास-दोन तास घट चालूच राहते.

आता रक्त देताना जोरजोरात मूठ उघडमीट करणाऱ्यांनी हात वर करावेत. वा, वर करतानाही काहींच्या मुठी आवळलेल्याच आहेत! त्या हालचालीने स्नायूंतील पोटॅशियम रक्तात येते आणि अहवालात ते उगाच वाढलेले दिसते. दंडाचा पट्टाही मिनिटाहून अधिक काळ आवळलेला नसावा.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा घटक घाईने सांगतो. रक्ताचा सुमारे ५५ टक्के भाग रक्तद्रवाचा. उरलेल्यात जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट अगदी थोड्या. जांभळ्या झाकणाच्या नळीतील ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून रक्त गोठत नाही. मात्र काहींच्या प्लेटलेट त्यामुळे एकमेकींना चिकटतात, यंत्र त्या कमी मोजते, आणि मग काचपट्टीवर रक्त पसरून डोळ्यांनीच पाहावे लागते. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते व तिच्या हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते, म्हणून एचबीए१सी ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब देते. चार तासांच्या कोंडीने तो बदलत नाही. मेव्हण्यांचा आकडा ७.४ आला, आणि ग्लुकोमीटर त्याच संध्याकाळी कपाटातून बाहेर निघाला.