उशिरा आलेलं उत्तर: सोलापूरच्या डाय हाऊसमधून ओपन सोर्समध्ये

[अक्कलकोट रोड एमआयडीसी, डाय हाऊसचं गेट, आत नुसती वाफ]

सोलापूर म्हटलं की चादर, टॉवेल, शेंगाचटणी आणि जानेवारीतली गड्डा जत्रा, एवढंच लोकांना आठवतं. त्यात काही चूक नाही ओ, चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहेच. पण चादरीचा रंग जात नाही हे सांगणारे ढीगभर, तो रंग सुतावर चढतो कसा हे बघायला डाय हाऊसमध्ये मात्र कुणी फिरकत नाही. आम्ही गेलो. आणि गेलो ते चादरीसाठी नाही, तर एका पोराच्या कोडसाठी.

तर आधी इथलं काम काय चालतं ते सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. चादरीचं सूत आधी रंगवतात आणि मग ते मागावर जातं. रिॲक्टिव्ह रंगातले बरेचसे साधारण ६० डिग्रीला सुतात पक्के बसतात, मीठ आणि सोडा ठरल्या वेळी पडायला लागतो आणि तापमान हळूहळूच चढायला लागतं, घाई केली की एकाच लॉटमध्ये कुठं गडद कुठं फिकं. मग तो लॉट परत रंगवा, परत पाणी, परत वाफ, आणि पाण्याची सोलापुरात काय परिस्थिती असते ते सोलापूरकराला सांगायला नको. इथले डाइंग मास्तर, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, घरी तेलुगू, मशीनवर मराठी आणि चिडले की कन्नड. हात न लावता, नुसत्या वाफेकडं बघून मशीन किती तापलंय ते सांगतात, आणि बऱ्याचदा बरोबर निघतं.

आता तो कोडवाला पोरगा, म्हणजे डेव्हलपर. कॅमेऱ्यासमोर येणार नाही ही त्याची पहिली अट, म्हणून त्याचं नाव नाही, आणि प्रोजेक्टचं नावही नाही, कारण ते सांगितलं तर कोण कुठला हे दोन मिनिटांत सापडेल. जुळे सोलापुरात राहतो, इथंच शिकला, काही वर्षं पुण्यात हिंजवडीला काढली आणि परत आला. का परत आला विचारलं तर म्हणतो "भाडं ओ, दुसरं काय". इथल्या डाय हाऊसवाल्यांना मशीनचे आकडे मोबाईलवर दाखवून देणे हा त्याचा धंदा. सुरुवात केली नोड-रेडवर, हे २०१३ साली आयबीएममधून बाहेर आलेलं ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं, टूल, डबे जोडत जायचे की डेटा इकडून तिकडं. ओपनपीएलसीसुद्धा खेळून बघितलं, म्हणजे रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डावर चालणारा फुकटचा पीएलसी (कारखान्यातलं मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर), तोही ओपन सोर्सच. पण ते टेबलावरच ठेवलं. बॉयलरचं पाणी कमी झालं की बंद करणारी सिस्टीम, सेफ्टी व्हॉल्व्ह, यांच्या वाटेला तो जात नाही, तिथं सॉफ्टवेअर घालायचंच नाही, असं त्याचं ठाम मत आहे आणि ते मला सगळ्यात आवडलं. तो मशीन चालवत नाही, मशीन काय म्हणतंय ते फक्त वाचतो.

वाचायचं म्हणजे मॉडबस, मशीनशी बोलायची भाषा. हे प्रकरण १९७९ सालचं आहे, मॉडिकॉन नावाच्या अमेरिकन कंपनीने आपल्या पीएलसीसाठी काढलं आणि अजून जगभर चालतंय, कारण सोपं आहे आणि फुकट आहे. दोन वायरी, आरएस-४८५ पद्धतीची जोडणी, हजारएक मीटरपर्यंत ओढल्या तरी चालतात. एक मास्टर विचारणार, बाकीचे ज्याला विचारलं त्यानेच बोलायचं. ही बोलणी करणारी तयार ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे आयता कोड, त्याने घेतली, जशी जगातले हजारो लोक घेतात. आणि मग इथल्या मशीनवर ती लावल्यावर एकेक गमती सुरू झाल्या.

पहिली गंमत छोटी. नवीन टेम्परेचर मीटर जोडला, मशीन ६० डिग्रीला, मीटरच्या डोळ्यावर ६०, आणि ह्याच्या स्क्रीनवर शून्य. वायर बरोबर, ॲड्रेस बरोबर. झालं होतं असं की मॉडबसचं एक रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा, १६ बिटचं, आणि दशांशवाला आकडा लागतो ३२ बिटचा, म्हणून तो दोन रजिस्टरमध्ये तोडून पाठवतात. ६० हा आकडा तोडला की होतो १७००८ आणि ०. आता आधी कुठला पाठवायचा हे १९७९ च्या माणसांनी सांगितलंच नाही, त्यांच्या डोक्यात दशांश नव्हतेच. त्यामुळे एक कंपनी १७००८, ० पाठवते आणि दुसरी ०, १७००८, आणि उलटं जोडलं की इतका बारीक आकडा होतो की स्क्रीनवर ०.०० च दिसतो. मीटरबरोबर आलेल्या कागदावर ह्यातलं एक अक्षर नव्हतं. त्याने लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हेच ६० चं उदाहरण घालून एक पान लिहिलं, हे त्याचं पहिलं योगदान. कोडची एक ओळ नाही. ते पान लगेच घेतलं गेलं. लोकांना वाटतं ओपन सोर्स म्हणजे फार मोठं डोकं लावायचं काम, पण माझं मत विचाराल तर असली पानंच कमी पडतात, कारण लिहिणाऱ्याने मशीनसमोर उभं राहून घाम गाळलेला असावा लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये डाय हाऊसमध्ये घाम म्हणजे काय ते आमच्या कॅमेरामनला विचारा.

[पॅनेल उघडं, आत मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह, बाजूनं गेलेली पिवळी-निळी वायर]

दुसरी गंमत मात्र गंमत नव्हती. एकाच कंट्रोलरकडून तापमानही येतं आणि टाकीची लेव्हलही. एके दिवशी अण्णा पोराला म्हणाले, "मालक, तुमची टाकी ६१ टक्के म्हणायलीय, मी आत्ता बघून आलो, चांगली भरलीय." सेन्सर बघितला, बरोबर. परत स्क्रीन बघितली तर ८० च्या वर, तेही बरोबर. मग दुपारी पुन्हा एकदा ६१.४. पोराने फार वेळ अण्णांवर विश्वास ठेवला नाही, आणि अण्णांनी फार वेळ कॉम्प्युटरवर.

नाद सोडला नाही त्याने. येणारा-जाणारा प्रत्येक बाइट फायलीत लिहून ठेवायला लागला आणि रात्री घरी बसून वाचायला लागला. त्यात सापडलं. लेव्हल विचारली, उत्तर आलं ०१ ०३ ०२ ०२ ६६, पुढं चेकसमचे, म्हणजे उत्तर वाटेत बिघडलं का ते ओळखायचे, दोन बाइट. कॉम्प्युटरच्या सोळाच्या मोजणीत शेवटचे ०२ ६६ म्हणजे ६१४, आणि कंट्रोलर आकडा दशांशचिन्ह काढून पाठवतो. म्हणजे ६१.४. आणि त्या क्षणाला मशीनचं तापमान होतं ६१.४.

समजलं का? नाही समजलं तर हे ऐका. गुरुजींनी पोराला विचारलं वय किती, पोरगं गप्प. गुरुजी कंटाळले आणि पुढचा प्रश्न टाकला, भावंडं किती? तेवढ्यात पोराला पहिल्याचं उत्तर सुचलं, "अकरा." गुरुजींनी लिहून घेतलं, भावंडं अकरा. मॉडबसच्या सिरियल, म्हणजे या दोन वायरींवरच्या, प्रकारात अगदी हेच होतं, कारण उत्तरात कोण बोलतंय ते असतं, किती बाइट आहेत ते असतं, पण कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे ते नसतं. नेटवर्कवाल्या मॉडबसमध्ये प्रत्येक प्रश्नाला नंबर असतो, इथं नाही. चेकसमही बरोबरच येणार, कारण उत्तर खरंच होतं, फक्त उशिरा आलेलं. आणि उशीर का, तर बाजूच्या मोटरचा ड्राइव्ह वायरीत खरखर टाकायचा, कंट्रोलर स्वस्तातला, शिवाय वायर कॉम्प्युटरला जोडणारा यूएसबी कन्व्हर्टर बाइट साठवून साठवून मग सोडायचा. एखादं उत्तर टाइमआऊटच्या, म्हणजे वाट बघायच्या ठरलेल्या वेळेच्या, थोडं पलीकडं जायचं की झालं.

त्याने लायब्ररीवाल्यांकडं ही चूक (बग) नोंदवली. पहिलं उत्तर आलं, टाइमआऊट वाढवा. बरोबरच आहे, लायब्ररी सांभाळणारा मेंटेनर कुठंतरी परदेशात आपली नोकरी सांभाळून हे करतो, त्याच्या टेबलावर ना ड्राइव्ह, ना वाफ. टाइमआऊट वाढवून प्रकार कमी होतो, जात नाही. मग पोराने जे केलं ते मला पॅचपेक्षा, म्हणजे दुरुस्तीच्या कोडपेक्षा, भारी वाटतं. सोकॅट म्हणून एक लिनक्सचं टूल आहे, ते दोन खोटे सिरियल पोर्ट बनवून एकमेकांना जोडतं. एका बाजूला लायब्ररी, दुसऱ्या बाजूला त्याने लिहिलेला खोटा कंट्रोलर, जो मुद्दाम उशिरा उत्तर देतो. कन्व्हर्टर नको, मशीन नको, सोलापूर नको. कुणीही आपल्या लॅपटॉपवर चालवावं आणि चुकीचा आकडा डोळ्यांनी बघावा. ते बघितल्यावर वाद संपला. दुरुस्ती चारपाच ओळींची, टाइमआऊट झाला की थोडं थांबा, उशिरा येणारं जे काही असेल ते येऊ द्या, बफर (आलेले बाइट साठतात ती जागा) रिकामा करा आणि मगच पुढचा प्रश्न. त्यावरही किती थांबायचं यावर बरीच घासाघीस झाली, कारण थांबलं की वाचन हळू होतं आणि ज्यांची वायरिंग चांगली आहे ते म्हणाले आम्हाला का शिक्षा. शेवटी तो वेळ सेटिंगमध्ये टाकला. खोटा कंट्रोलर आता लायब्ररीच्या टेस्टमध्ये कायमचा आहे, प्रत्येक नव्या आवृत्तीआधी तो उशिरा उत्तर देतो.

डाय हाऊसच्या मालकांचा प्रश्न सरळ होता, तो सोलापुरी माणसाचा प्रश्न आहे, "आमच्याकडं बसून शोधलंस, मग फुकटात जगाला का देतोस बे?" त्याचं उत्तर देशसेवा वगैरे नाही. म्हणाला, माझ्यापुरता बदल ठेवला तर लायब्ररीची नवीन आवृत्ती आली की दर वेळी तो परत चिकटवायचा, परत तपासायचा, आणि एक दिवस मी विसरणार आणि तुमची टाकी परत ६१ टक्के. तिकडं गेलं की सांभाळायला चार माणसं. मालक म्हणाले बरं, आणि चहा मागवला. पटलं की नाही ते कळलं नाही, पण त्यानंतर त्यांनीच शेजारच्या सायझिंगवाल्याला (सुताला खळ लावणाऱ्याला) याचा नंबर दिला.

ड्राइव्हची वायर वेगळ्या पाइपातून घ्यायला सांगितलेली, ती मात्र आम्ही शूटिंग केलं तोवर घेतलेली नव्हती. "गड्ड्यानंतर करू" असं ठरलंय.

सध्या त्याचा एक पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल घ्या असा प्रस्ताव, अडकलाय. कुठल्या प्रकारचा मीटर आधी कुठला अर्धा आकडा पाठवतो याचा तक्ता त्याला लायब्ररीतच ठेवायचाय, मेंटेनर म्हणतो हे आमचं काम नाही, उद्या कंपनीने मीटर बदलला तर शिव्या आम्हाला. दोघांचंही खरं आहे. मधला मार्ग म्हणून त्याने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, मीटरवर दिसणारा आकडा तुम्ही टाइप करायचा, ती चारही क्रम (अर्धे उलटसुलट, आणि अर्ध्यातले बाइटही उलटसुलट) लावून बघते आणि कुठला जुळतो ते सांगते. ती पहिल्यांदा अण्णांनी चालवून बघितली. त्यांचं म्हणणं, सूचना मराठीत पाहिजेत. आता त्यावर काम चालू आहे.