जुन्या चित्रातलं झाड ओळखताना

नमस्कार मंडळी! आज बोलूया मध्ययुगातल्या युरोपी हस्तलिखितांमधल्या झाडपाल्याच्या चित्रांवर. हल्ली ती नेटवर फुकट बघायला मिळतात, मग काय, लोक झूम करतात आणि हे सूर्यफूल, ती मिरची असं ठरवून मोकळे होतात.

वॉयनिच हस्तलिखिताचं हेच झालं. येल विद्यापीठात आहे ते, लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही. १९४४ मध्ये ह्यू ओ'नील या वनस्पतीशास्त्रज्ञाने त्यात सूर्यफूल आणि मिरची ओळखली, दोन्ही मूळची अमेरिकेतली, म्हणजे पुस्तक कोलंबसनंतरचं! पुढे त्याच्या चामड्याच्या पानांची कार्बन तपासणी झाली तर साल निघालं १४०४ ते १४३८. कोलंबस निघाला १४९२ ला. आता पानं जुनी, चित्रं नंतरची असं म्हणता येतं म्हणा, पण मला ते ओढूनताणून वाटतं.

खरी गोम अशी की चित्रातली प्रत्येक गोष्ट झाडाचीच असेल असं नाही. प्लांटेनच्या (केळं नव्हे, इसबगोलाच्या जातकुळीतली एक रानटी वनस्पती) बाजूला साप आणि विंचू काढलेले सापडतात, ते काही तिथे राहायला आलेले नसतात, त्यांच्या दंशावर हे औषध एवढंच सांगायचं असतं. मँड्रेकचं तर विचारूच नका. आपल्या धोतऱ्याच्याच फॅमिलीतलं झाड, मूळ जाडजूड आणि बरेचदा दुफाटा, चित्रकारांनी त्याला सरळ हातपाय काढून माणूसच केला, शिवाय दोरीने बांधलेला कुत्रा, कारण उपटणारा मरतो अशी समजूत, मग मरू दे कुत्र्याला! यातलं झाडाचं खरं काय, तर ते दुफाटलेलं मूळ.

आणि कॉपीचा घोळ वेगळाच. इ.स. ५१२ च्या सुमाराला कॉन्स्टँटिनोपलमध्ये ज्युलियाना अनिशिया या राजघराण्यातल्या बाईसाठी केलेली, ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथाची प्रत व्हिएन्नात आहे, तिच्यातली ब्लॅकबेरी बघा, काटेरी फांद्या कशा वळल्यात, वाटतं बोट लावलं तर टोचेल. नंतरच्या शतकांत लोक चित्रावरून चित्र काढत गेले, झाड समोर नाहीच, मग पानं दोन्ही बाजूंना सारखी, फांद्या सरळसोट. १४०० च्या आसपास पादुआत कारारा घराण्यासाठी केलेल्या हर्बलमध्ये, म्हणजे औषधी वनस्पतींच्या सचित्र पुस्तकात, काही चित्रकार पुन्हा खऱ्या झाडाकडे बघायला लागलेले दिसतात.

म्हणून एका फुलावरून झाडाचं नाव ठरवू नका, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, कडा कातरलेली आहे का, हे आधी बघा. वॉयनिचमधलं एक फूल मात्र बऱ्याच जणांना जंगली पॅन्सी वाटतं, आणि तेवढं मलाही पटतं.