उदबत्तीतला ऊद, जोसेफ तवाद्रोसचा ऊद आणि तो 'बेसूर' गंधार

नमस्कार मंडळी! मागच्या महिन्यात मी ऊद या अरबी तंतुवाद्याचा चाळीस सेकंदांचा तुकडा लावला होता, रास्त मकामातला. मकाम म्हणजे अरबी संगीतातला साधारण आपला राग समजा. त्याखाली तुम्ही तीनच प्रश्न फिरवून फिरवून विचारताय. पहिला, ऊद म्हणजे उदबत्तीतला ऊद का? दुसरा, सुरुवात कोणाच्या वादनापासून करू? तिसरा प्रश्न नाहीच, तक्रार आहे: "दादा, हे बेसूर वाजतंय." त्या तक्रारीसाठीच आज बसलोय.

पहिल्याचं उत्तर, हो! शब्द तोच. अरबीत ऊद म्हणजे लाकूड. सुगंधी लाकडाचा ऊद आपल्या देवघरात आला, तारा चढवलेला ऊद कैरोच्या मैफलीत बसला.

वाद्याचं पटकन सांगतो. नासपतीसारखं पोट, आखूड मान, खुंट्यांचा भाग मागे मोडलेला. तारा सहसा अकरा, म्हणजे पाच जोड्या आणि खर्जाची एक सुटी. वाजवायला रीशा. रीशा म्हणजे पीस, पूर्वी ती गरुडाच्या पिसाची असायची. आणि मानेवर पडदे नाहीत. बाकी विसरलात तरी चालेल, हे एक धरून ठेवा.

आता दुसरा प्रश्न. मी नाव सांगेन जोसेफ तवाद्रोसचं. 1983 साली कैरोत कॉप्टिक ख्रिस्ती घरात जन्म. 1986 मध्ये घरचे सगळे सिडनीला गेले. आजोबा, मन्सी हबीब, ऊद आणि व्हायोलिन वाजवायचे. पण पोराला ऊदाची ओढ लागली ती सय्यद दरवीश यांच्यावरचा सिनेमा पाहून. दरवीश म्हणजे इजिप्तच्या आजच्या राष्ट्रगीताला चाल देणारे संगीतकार, एकतिसाव्या वर्षी गेले. सिडनीत वाढणारा मुलगा सिनेमातून आपल्या गावच्या वाद्याकडे परत जातो, हे मला फार आवडतं.

धाकटा भाऊ जेम्स रिक वाजवतो. रिक म्हणजे आपल्या भजनातल्या खंजिरीची चुलत बहीण समजा. पण तिच्या झांजांवर बोटांनी इतकं बारीक काम होतं की पहिल्यांदा बघताना मी ऊद ऐकायचंच विसरलो होतो.

जोसेफ संगीत रचतो, नुसता वाजवत नाही. 2010 च्या अल्बममध्ये त्याच्याबरोबर जॉन ॲबरक्रॉम्बी, जॉन पटिटुची आणि जॅक डिजॉनेट होते. जॅझ ऐकणारे आत्ता खुर्चीत सरसावून बसले असतील! मग ऑस्ट्रेलियन चेंबर ऑर्केस्ट्राबरोबरचा कॉन्चेर्टो, म्हणजे एक वाद्य पुढे आणि वाद्यवृंद साथीला अशी रचना. 2012, 2013, 2014, लागोपाठ तीन वर्षं ऑस्ट्रेलियाचा आरिया हा संगीत पुरस्कार. 2016 मध्ये तिथला सरकारी सन्मान. 2020 ला सिडनी ऑपेरा हाउसमधल्या मैफलीच्या अल्बमला पुन्हा आरिया. यादी इथे थांबवतो, कारण तुम्ही तो ऐकणार आणि एखाद्या संथ तकसीममध्ये परत मला लिहिणार, "बेसूर आहे." तकसीम म्हणजे तालाशिवायचं, सुचेल तसं उलगडत जाणं, आपल्या आलापाच्या जवळचं.

म्हणून ही पेटी. सा धरला पांढरी एक. कोमल ग कुठे? काळी दोन. शुद्ध ग? पांढरी तीन. रास्तचा ग या दोन पट्ट्यांच्या मध्ये राहतो. मध्ये पट्टी आहे का? नाही! पेटीवर तो सूर नाही, म्हणून जगात तो सूर नाही, असं कसं म्हणता?

तरी नाही पटलं? मोजपट्टी घ्या. ऊदाची तार साधारण 60 सेंमी. मोकळ्या तारेवर सा. कोमल ग येईल साडेनऊ सेंमीवर, शुद्ध ग बारा सेंमीच्या थोडा पुढे. हा आपला ग 11 सेंमीच्या आसपास. कोमल आणि शुद्ध ग यांच्यामध्ये जेमतेम तीन सेंमी अंतर, आणि त्यात बोट दर वेळी तिथेच पडतं. हात घसरला असता तर दर वेळी वेगळीकडे घसरला असता ना? वरच्या 'नी'चंही तसंच. पडदे नाहीत हे धरून ठेवा म्हटलं ते यासाठी.

आणि ठिकाण तरी एकच कुठे आहे? तुर्कांचा हाच सूर चढा, कैरोचा त्याच्या खाली. 1932 साली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली, बार्टोक आणि हिंडेमिथ हे युरोपातले बडे संगीतकारसुद्धा आले होते. सप्तकाचे 24 सारखे भाग करावेत का, यावर वाद झाला आणि एकमत झालं नाही. ज्या सुरावर एवढी जाणती माणसं भांडली, तो आपण एका कमेंटमध्ये बेसूर ठरवतो. मला याचा खरंच राग येतो.

पेटीसारखाच पियानो-गिटारवरही हा ग नाही. त्यांच्याबरोबर वाजवणारे म्हणूनच बरेचदा नहावंद किंवा हिजाज हे मकाम निवडतात, त्यात हा ग येत नाही. नहावंद साधारण किरवाणीसारखा, आणि हिजाजची सुरुवात आपल्या भैरवासारखी, सा, कोमल रे, शुद्ध ग. ते मकाम तुम्हाला लगेच आवडतात, माहितीये मला. माझी विनंती रास्तसाठी आहे.

माझे बाबा चाळीस वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतायत. त्यांना मी रास्त ऐकवला. त्यांनी पेटी ओढली, काळी दोन दाबली, मान हलवली. पांढरी तीन दाबली, परत मान हलवली. मग दोन्ही एकदम दाबल्या, नुसता कलकलाट झाला. भाता बंद केला, डोळे मिटले, आणि गळ्यातून तो ग बरोब्बर लावला. मला म्हणाले, "हा गळ्यात आहे की रे!"

तर आता मीही भाता बंद करतो. तोच चाळीस सेकंदांचा तुकडा परत लावतोय. हेडफोन घाला, आणि ग आला की बरोबर गुणगुणा.