पायावरची सूज कुणाची?

नमस्कार श्रोतेहो.

आज एका आजींबद्दल बोलते. त्या कुणी एक नव्हेत, तपासताना भेटलेल्या अनेक जणी त्यांच्यात आहेत. वय ७८. मधुमेह जुना, रक्तदाब त्याहून जुना, गुडघे दुखरे, किडनी जरा थकलेली. रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन सुरू झालं आणि काही आठवड्यांत घोटे सुजले. अंगात पाणी साठलंय असं समजून लघवी वाढवणारी गोळी आली. तिनं युरिक अॅसिड वाढवलं आणि एका रात्री पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकायला लागला. मग वेदनाशामक. त्यानं किडनीवर ताण आणला, रक्तदाबही चढवला. रक्तदाब चढला म्हणून अॅम्लोडिपिनचा डोस दुप्पट. सूज आणखी वाढली!

प्रत्येक गोळी देताना कारण होतं. फक्त पहिल्याच वेळी ‘ही सूज औषधाचीच तर नसेल?’ हे कुणी विचारलं नाही. अॅम्लोडिपिननं बारीक धमन्या रुंदावतात आणि पाणी आजूबाजूला झिरपतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतंच, त्यामुळे लघवीची गोळी तिथे फारशी चालत नाही.

पण लगेच औषधाकडे बोट दाखवायलाही मी घाबरते. सुजेवर हक्क सांगणारे बरेच असतात: हृदय, किडनी, यकृत, थायरॉइड, पायाच्या शिरा. विद्यार्थिदशेत आम्हाला शिकवतात की सगळ्या लक्षणांमागे शक्यतो एकच आजार शोधा. चौदाव्या शतकातल्या विल्यम ऑफ ऑकम या विचारवंताच्या नावानं हा नियम ओळखला जातो. तरुण रुग्णात तो छान चालतो. म्हातारपणी मात्र जॉन हिकॅम या अमेरिकी डॉक्टरांच्या नावावरचं म्हणणं जास्त खरं ठरतं: रुग्णाला एकाच वेळी हवे तितके आजार होऊ शकतात. धाप लागते तेव्हा थोडा वाटा हृदयाचा, थोडा फुफ्फुसाचा, थोडा कमी झालेल्या हिमोग्लोबिनचा असतो. एक कारण सापडलं की शोध थांबवायचा मोह होतो. माझाही होतो.

रिपोर्टही फसवतात. क्रिएटिनिन स्नायूंत तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते, म्हणून किडनी तपासायला रक्तात ते मोजतात. पण स्नायू आटलेल्या माणसाचं क्रिएटिनिन ‘नॉर्मल’ दिसतं आणि किडनी मात्र निम्म्यावर आलेली असू शकते. तीन महिन्यांची शुगर सांगणारी एचबीए१सी लोह कमी असेल तर उगाच जास्त येऊ शकते. पायाला मुंग्या आल्या की मधुमेहावर ढकलून आपण मोकळे होतो, पण मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी१२ कमी झाल्यानंही मुंग्या येतात.

२००५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक लेख आला होता. त्यात ७९ वर्षांची एक काल्पनिक स्त्री घेतली होती, पाच आजार असलेली. प्रत्येक आजाराची मार्गदर्शक तत्त्वं तंतोतंत पाळली तर तिला १२ औषधं द्यावी लागत होती. तत्त्वं एकेका आजारासाठी लिहिलेली असतात, घ्यायचं मात्र सगळं एकाच पोटात.

म्हणून मी आधी विचारते, ‘आजी, सगळ्यात जास्त त्रास कशाचा?’ उत्तर शुगर असं जवळजवळ कधीच येत नाही. ‘उठलं की गरगरतं,’ असं येतं. मग रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावरही मोजायचा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, तर तो आणखी खाली आणायची घाई करण्यात अर्थ नाही. शुगरचंही तसंच. पडून हाड मोडण्यापेक्षा आकडा थोडा सैल राहिलेला बरा.

तुमच्याकडून मला एकच गोष्ट हवी असते. फाइल नंतर बघू, आधी औषधांची पिशवी ओता. त्यात चूर्ण, काढे, दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, आणि हो, डोळ्यांचे थेंबसुद्धा. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब दमा उसळवू शकतात, आणि थेंबांना औषध म्हणून कुणी मोजतच नाही. मात्र हे ऐकून उद्या मनानं काही बंद करू नका. स्टेरॉइड किंवा बीटा ब्लॉकर (हृदय आणि रक्तदाबासाठीच्या गोळ्या) एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

आजींचं अॅम्लोडिपिन बदललं, लघवीची गोळी आणि वेदनाशामक थांबवलं. कागदावरच्या दोन ओळी खोडल्या. आजींनी कागद उलटसुलट करून पाहिला आणि जरा नाराजीनंच म्हणाल्या, ‘मग सुजेवर काहीच नाही दिलंत?’