लाल उजेड आणि बीजाची चाल

व्याख्यानाआधी एका तरुणानं मला बाजूला नेऊन विचारलं, "डॉक्टर, ते बीज वाढवायचं म्हणतात ते लाल लाइटचं मशीन घेऊ काय? हप्त्यावर मिळतंय." लग्नाला सहा वर्षं झालीत. एवढ्यात बायकोच्या तीनदा तपासण्या झाल्या, नवसासाठी सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगर चढून झाला, याची वीर्यतपासणी मात्र एकदाही नाही. त्याला विचारूनच हे सांगतोय. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं नाहीतर दोघांचं मिळून. तरी आपल्या खानापूर-निपाणी भागात बोल लागतो तो बाईलाच. मला याचा राग येतो.

आता उजेडाचं. १९६७च्या सुमारास बुडापेस्टच्या एंड्रे मेस्टर यांनी उंदरांची पाठ भादरून तिच्यावर मंद लेसर सोडला. कॅन्सर होतो का, हे त्यांना बघायचं होतं. तो झाला नाही, उलट केस लवकर उगवले. तिथून या उपचाराची वाट निघाली.

शुक्राणूचं डोकं आणि शेपूट यांच्या मधल्या भागाला मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे बारीक घटक, मफलरसारखे गुंडाळलेले असतात. पोहण्याच्या ताकदीचा मोठा वाटा तिथला. तिथलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचं प्रथिन लाल आणि त्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड शोषून घेतं आणि ऊर्जा जास्त तयार होऊ लागते, असं मानतात. प्रयोगशाळेतल्या बशीत मंद शुक्राणूंवर असा उजेड टाकल्यावर ते काही वेळ जोरात पोहतात. माणसांच्या शुक्राणूंवरही हे दिसलेलं आहे.

पण बशीत आधीच तयार झालेलं बीज पळतं, आणि आपल्याला हवं असतं नवीन बीज. ते वृषणात घडतं, त्याला सुमारे ७४ दिवस लागतात. उंदरांवरच्या प्रयोगांत बेताच्या मात्रेनं बीजपेशी वाढल्या, मात्रा चढवल्यावर त्याच पेशी मेल्या. माणसासाठी नेमकी मात्रा अजून ठरलेली नाही. घरी दिवा लावणाऱ्यानं ती कशाच्या आधारानं ठरवायची?

शिवाय उष्णता. वृषण शरीरापेक्षा २ ते ४ अंश थंड राहावेत म्हणून तर निसर्गानं ते बाहेर ठेवलेत. हा तरुण बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीच्या भट्टीपुढं आठ तास उभा असतो, वर तंबाखू. त्यात आणखी तापणारा दिवा कशाला? त्याच्या वृषणाजवळच्या शिरा फुगल्या असतील, म्हणजे व्हेरिकोसील असेल, तर ते हातानं तपासूनही बहुधा कळतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली दिलेली खालची मर्यादा मिलीलीटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू आणि त्यातले ४२ टक्के हालचाल करणारे अशी आहे. आकडा त्याखाली आला म्हणजे मूल होणारच नाही, असं नव्हे. तपासणीच्या आधी २ ते ७ दिवस संबंध नको, नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा. तंबाखू सोडली, भट्टीपासून थोडं लांबचं काम मिळालं, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. आणि बाबा, रिपोर्ट घ्यायला येताना बायकोला घेऊन ये.